चाकूने तासलेली विटी

उमरग्याच्या बाजारात बॅट मिळते, पण विटी घरीच तासावी लागते. मी परवा पहिल्यांदाच तासली. चाकू आजोबांचा, घडीचा. ते समोरच बसले होते.

लिंबाची ओली फांदी घेतली. ओले लाकूड मऊ असते, ढलप्या सरळ निघतात. वाळक्यावर चाकू घसरतो. पाते नेहमी अंगापासून दूर चालवायचे. मधेच गाठ आली, पाते रुतले. मी मूठ मागे हिसकली आन् चाकू बोटावर मिटला! या चाकूला पाते अडकवायची कळ नसते.

"आरं, हिसकू नको म्हणलं न्हवं?" आजोबा ओरडले. बोट धुऊन फडके बांधले.

मग त्यांनी पाणी टाकून दगडावर धार लावली. बोथट चाकूला जोर लागतो, म्हणून तोच जास्त लागतो म्हणे. मला आधी खरे वाटेना.

विटीची टोके निमुळती का? टोक जमिनीपासून उचललेले राहते. त्यावर दांडू मारला की ते खाली जाते नि विटी वर उडते. माझे एक टोक जाड राहिले, म्हणून माझी विटी तिरकीच उडते. दांडू बाभळीचा करणार आहे, पण बोट बरे झाल्यावर.