त्वचेचा कर्करोग आणि किरणोपचार

धोतराची गाठ वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच जागी आवळली जाते. तेथील कातडीचा रंग उडतो, ती जाड व खरखरीत होते आणि क्वचित त्याच पट्ट्यात न भरणारा व्रण उत्पन्न होतो. हा त्वचेचा कर्करोग होय, असे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी मुंबईतील आपल्या संशोधनावरून १९४५ साली दाखवून दिले. २०२४ साली वर्ध्याच्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीखाली उद्भवलेल्या अशाच कर्करोगाची नोंद केली.

असा रोग शस्त्रावाचून बरा होईल काय? पुष्कळदा होतो, परंतु रोग कोठे उद्भवला यावर बरेच अवलंबून असते.

राँटगेन यांना १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला आणि १८९९ सालीच स्टॉकहोम येथे त्वचेच्या कर्करोगावर त्यांचा यशस्वी प्रयोग झाला. हे किरण पेशीच्या केंद्रातील आनुवंशिक द्रव्य तोडतात. निरोगी पेशी ही मोडतोड बऱ्याच अंशी दुरुस्त करून घेते. कर्कपेशीला ते तितकेसे साधत नाही. म्हणूनच संपूर्ण मात्रा एकदम न देता बहुधा काही आठवड्यांत विभागून देतात.

त्वचेचा रोग उथळ असतो, ही येथे मोठीच सोय आहे. पन्नास ते दीडशे हजार व्होल्ट दाबाचे सौम्य क्ष-किरण आपली बहुतेक शक्ती वरच्या थरांतच खर्च करतात. वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोतही ठराविक खोलीपर्यंतच पोहोचतो. तिसऱ्या रीतीत इरिडियम-१९२ हे किरणोत्सर्गी द्रव्य साच्यात बसवून व्रणाला अगदी लागून ठेवतात. अंतर वाढताच मात्रा झपाट्याने घटत असल्याने खालच्या भागास फारशी इजा पोहोचत नाही. पापणीजवळ उपचार करताना डोळ्यावर शिशाचे कवच बसवितात.

नाकाचा शेंडा, कान, पापणी अशा जागी कातडी कापल्यास रूप बिघडण्याचे भय असते आणि वृद्ध रुग्णास भूल सोसेल याची खात्री नसते. तेथे किरणांचा विचार अवश्य करावा. तथापि किरण म्हणजे सुखाचा उपाय, ही समजूत खरी नाही. उपचाराची जागा लाल होते, खपली धरते, मग भरते. पुढे काही वर्षांनी ती फिकट पडते आणि तेथील केस बहुधा पुन्हा येत नाहीत. फ्रान्समध्ये चेहऱ्यावर तळच्या पेशींचा कर्करोग झालेल्या ३४७ रुग्णांची तुलना १९९७ साली प्रसिद्ध झाली. चार वर्षांत शस्त्रक्रियेनंतर ०.७ टक्के, तर किरणोपचारानंतर ७.५ टक्के रुग्णांत उपचार अयशस्वी ठरला. जेथे दोन्ही शक्य असतील, तेथे शस्त्राचेच पारडे जड आहे, हे यावरून उघड होते. तरुणांच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी की, किरण लागलेल्या जागी कित्येक वर्षांनी नवा कर्करोग होण्याची शक्यता उरते.

कोणताही मार्ग पत्करण्यापूर्वी व्रणाचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावाच लागतो. तळच्या पेशींचा रोग दूरवर क्वचितच पसरतो. वरच्या चपट्या पेशींचा मात्र लसीकाग्रंथींत उतरू शकतो, म्हणून तेव्हा त्या ग्रंथीही चाचपून पाहतात. कमरेच्या पट्ट्यात होणारा कर्करोग दुसऱ्या प्रकारचा असतो. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने वण पडलेल्या तेथील कातडीस रक्तपुरवठा कमी असतो. प्राणवायू कमी मिळाल्याने किरणांचा प्रभाव उणावतो आणि उपचारानंतर जखमही सावकाश भरते. तेथे बहुधा शस्त्रक्रियाच करतात आणि कडेला रोग शिल्लक राहिल्यास तिच्या जोडीला किरण देतात.