बँक स्टेटमेंट इम्पोर्ट केलं, तरी हिशोब का जुळत नाही?



आधी माझीच फजिती सांगतो. मार्च संपत आला होता. मानवतच्या माझ्या दुकानातून एका जुन्या गिऱ्हाइकाला उधारीसाठी फोन लावला. खात्यावर ₹१८,५०० बाकी दिसत होते. ते दुकानात आले आणि काही न बोलता मोबाईल पुढं धरला. कापूस विकल्यावर ५ फेब्रुवारीलाच त्यांनी यूपीआयनं पैसे पाठवले होते. पैसे बँकेत होते, सॉफ्टवेअरमध्येही होते, पण २ मे या तारखेला! मी ३१ मार्चपर्यंतचं खातं बघत होतो, तिथं ते दिसणार कसे? माफी मागितली, चहा पाजला. पण असा फोन गेला की माणूस दुखावतो हो.

झालं काय होतं? बँकेच्या फाईलमध्ये तारीख ०५/०२ अशी होती. आपण आधी दिवस लिहितो, अमेरिकेत आधी महिना. कंप्युटरचं रीजन 'युनायटेड स्टेट्स' असेल, तर एक्सेल ०५/०२ म्हणजे २ मे समजतं. १३/०२ मात्र त्याला कळतच नाही, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून ओळखायची खूण सोपी आहे: १२ तारखेपर्यंतच्या नोंदी भलत्याच महिन्यात जातात आणि १३ पासूनच्या येतच नाहीत किंवा एरर देतात. एक्सेलच्या रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटल्या आणि काही डावीकडे, तर समजा हाच घोळ आहे. डावीकडच्या त्याला तारीख वाटलेल्याच नाहीत.

यात धोका वर्षाचा आहे. ३ एप्रिलची विक्री ४ मार्चला गेली, तर ती थेट मागच्या आर्थिक वर्षात बसते. आणि सगळ्या नोंदी आल्या असतील तर शेवटची शिल्लक तरीही जुळते! म्हणून फक्त शेवटची नाही, प्रत्येक महिनाअखेरची शिल्लक स्टेटमेंटशी ताडून बघा.

उपाय? रीजन 'इंडिया' करा. ग्नूकॅश हे मोफत सॉफ्टवेअर वापरत असाल, तर सीएसव्ही इम्पोर्ट करताना तारखेचा फॉरमॅट निवडायला मिळतो. तिथं दिवस-महिना-वर्ष निवडा. वर बँकेचं नाव-पत्ता असलेल्या ओळी असतात, त्या वगळायची सोयही तिथंच आहे.

आणखी एक. सीएसव्ही फाईल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका. यूपीआयचा संदर्भ क्रमांक १२ आकडी असतो. एक्सेल तो ४.१२ई+११ असा आखडून दाखवतं आणि सेव्ह केलं की तसाच फाईलमध्ये जातो. मूळ आकडे गेले ते गेले. फाईल नुसती बघायची असेल तर नोटपॅडमध्ये उघडा.

हा क्रमांक लागतो दुबार नोंदींच्या वेळी. समजा आधी १ ते ३० एप्रिल घेतलं, नंतर १५ एप्रिल ते १५ मे. मधले पंधरा-सोळा दिवस दोनदा येऊ शकतात. सॉफ्टवेअर दुबार नोंद ओळखायला बघतं, पण बऱ्याचदा तारीख आणि रकमेवरूनच. आपल्या दुकानात एका दिवसात ₹५० चे चार जण असतात! त्यामुळं सारखी रक्कम दिसली की लगेच डिलीट मारू नका, क्रमांक वेगळा असेल तर गिऱ्हाईकही वेगळं. आणि हे सगळं करायच्या आधी डेटाची एक कॉपी पेनड्राईव्हवर. मी ती न घेता एकदा ६० नोंदी उडवल्यात, त्या रात्री दीड वाजेपर्यंत हातानं परत भरत बसलो होतो.