गोळी सोडण्याआधी एवढं वाचा



मागच्या महिन्यात रिसोड तालुक्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचतीचा हिशोब झाला अन् एक मावशी हळूच म्हणाल्या, "पोरी, मी कोलेस्टेरॉलची गोळी सोडली. पाहुणे म्हणत होते, मेंदू चरबीचाच असतो, गोळीनं तो सुकतो."

पाहुण्यांचं अर्धं खरं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण 2 टक्के, पण शरीरातलं 20 ते 25 टक्के कोलेस्टेरॉल तिथं असतं. मोटारपंपाच्या वायरीवर रबर असतं ना, तसंच मेंदूतल्या बारीक तंतूंवर स्निग्ध आवरण असतं. बरंचसं कोलेस्टेरॉल त्या आवरणात. त्यामुळंच मेंदूचे निरोप झटपट पोचतात.

मग उरलेलं अर्धं? मेंदू रक्तातलं कोलेस्टेरॉल घेत नाही. मधे एक पक्कं कुंपण आहे. मेंदू स्वतःपुरतं स्वतःच बनवतो, अन् जास्तीचं रूप बदलून रक्तात सोडतो. पुढं यकृत ते निपटवतं.

हे मेंदूत सगळीकडं सारखं चालतं का? आपण रांगोळीनं गावाचा नकाशा काढतो, विहीर कुठं, घर कुठं. तसाच नकाशा वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी उंदराच्या मेंदूचे पातळ काप घेऊन काढला. तो 2020 मधे प्रसिद्ध झाला. रूप बदललेलं कोलेस्टेरॉल मेंदूच्या आतल्या काही भागांत जास्त दिसलं, मागच्या लहान मेंदूत सगळ्यात कमी. विसरण्याच्या आजारात बिघाड नेमका कुठं होतो, हे शोधायला असे नकाशे कामी येतील.

आता आपल्या कामाचं. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं की नसांत आतून थर बसतो. मेंदूकडं जाणारी नस तुंबली की लकवा. गोळी त्यासाठी असते. अंग दुखलं, काही त्रास वाटला तर डॉक्टरांना सांगा. ते गोळी बदलून देतील. मनानं बंद करू नका.

तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर झाडपाला करत बसू नका. लगेच 108 ला फोन लावा.

मावशी म्हणाल्या, "मग उद्या दवाखान्यात जाते." पुढच्या बैठकीत तुम्हीही एकमेकींना विचारा: कोणी गोळी सोडली तर नाही ना?