कालच बंद पडलंय!

चाकणच्या कारखान्यांत शिफ्ट बदलताना "मशीन कालच बंद पडलंय" असं कुणी म्हणालं, तर मराठीत त्यात काही वावगं नाही. हेच वाक्य ईमेलमध्ये 'द मशीन हॅज स्टॉप्ड यस्टरडे' असं उतरलं की मात्र चूक. 'हॅज' आणि 'यस्टरडे' या दोघांना इंग्रजी एका वाक्यात नांदू देत नाही. फोक्सवॅगनमुळे चाकणला जर्मन माणूस नवा राहिलेला नाही, आणि इंग्रजी शिकताना तोही हमखास हीच चूक करतो! त्याच्याही भाषेत 'काल' आणि 'हॅज स्टॉप्ड'सारखा पूर्ण काळ खुशाल शेजारी बसतात.

क्रियापद एकाच वेळी दोन प्रश्नांची उत्तरं देत असतं. घटना कधीची, हे काळ सांगतो. आपण ती कुठून पाहतो आहोत, हे ज्याला ॲस्पेक्ट म्हणतात तो सांगतो. चाकणचंच उदाहरण घ्या. 1660 मध्ये शाहिस्तेखानाने इथल्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळजवळ दोन महिने किल्ला लढवला. 'लढवला' म्हटलं की सगळा वेढा सुरुवातीपासून शेवटापर्यंत एका नजरेत येतो. 'लढवत होते' म्हटलं की आपण तटाच्या आत पोहोचतो. शेवटी उडालेला बुरूज अजून जागेवर असतो, पुढे काय होणार ते ठाऊक नसतं. काळ एकच, पाहण्याची जागा वेगळी. इंग्रजीत हाच फरक 'डिफेंडेड' आणि 'वॉज डिफेंडिंग' यांत आहे. शाळेतला तो धडकी भरवणारा बारा काळांचा तक्ता म्हणजे तीन काळ गुणिले पाहण्याच्या चार तऱ्हा, एवढंच.

मग 'हॅज स्टॉप्ड' कुठून पाहतं? आत्तापासून. मशीन या क्षणी बंद आहे, हे त्याचं खरं सांगणं. म्हणून 'यस्टरडे' त्याला खपत नाही.

यामागचा इतिहास मला फार विलक्षण वाटतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'हॅव' म्हणजे खरोखर जवळ असणं. 'मी त्याला बांधलं आहे' हे 'माझ्याजवळ तो बांधलेला आहे' अशा धाटणीने सांगत, आणि 'बांधलेला' हे रूप कित्येकदा कर्माप्रमाणे बदलत असे. आपण आजही तेच करतो: मी कागद लिहिला, मी चिठ्ठी लिहिली. कर्ता तोच, क्रियापद मात्र चिठ्ठीच्या मागे जातं, कारण आपला भूतकाळही संस्कृतातल्या 'कृत', 'गत' अशा विशेषणांतून घडला आहे. त्या रूपांतला 'त' आणि 'हॅज स्टॉप्ड'च्या शेवटचा 'ड' एकाच प्राचीन प्रत्ययाचे वंशज आहेत!

पुढे वाटा फुटल्या. जर्मनमध्ये बोलताना पूर्ण काळ सरसकट भूतकाळाचं काम करू लागला. दक्षिणेकडच्या बोलींत तर साधा भूतकाळ जवळजवळ लोपलाच. इंग्रजीने पूर्ण काळ वर्तमानाला घट्ट बांधून ठेवला. मराठीने साधा भूतकाळही राखला आणि 'काल'शी जुळणारा पूर्ण काळही, आणि वर आणखी एक धाडस केलं. चहाच्या टपरीवरून कुणी हाक मारली की आपण जागचे न हलताच ओरडतो, "आलो, आलो!" इंग्रज अशा वेळी 'आय ॲम कमिंग' म्हणतो. निघालेलं कुणीच नसतं. तो स्वतःला वाटेत पाहतो, आपण थेट पोहोचलेले.