डायनामोची वायर का जळते?

नाशिकच्या आडगाव ट्रक टर्मिनलवर कांद्याच्या हंगामात तासभर बसलं, की एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘मिस्तरी, डायनामोची वायर तापतेय, जाड वायर टाकून द्या.’ मिस्तरी टाकून देतो. गाडी जेएनपीटीला माल उतरवून कसारा घाट चढून परत येते, तोवर नव्या वायरीचंही टोक काळं पडलेलं असतं.

वायर बारीक म्हणून तापली, हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज. कधी ती खरंच बारीक असते. घरच्या वायरिंगचा उरलेला तुकडा कुणी इंजिनाजवळ खपवला असेल, तर त्याचं साधं पीव्हीसी 70 अंशांच्या वर टिकणारं नसतं. पण बहुतेकदा चोर सांध्यात बसलेला असतो. हिशेब करून बघा. 10 चौरस मिलिमीटरची 3 मीटर तांब्याची वायर 60 अँपिअर वाहताना साधारण 18 वॅट उष्णता सोडते, तीही 3 मीटरभर पसरून. तिच्याच टोकाचा लग सैल झाला, आत हिरवट थर चढला आणि ओहमच्या फक्त पन्नासाव्या हिश्शाइतका अडथळा तयार झाला, तर अंगठ्याएवढ्या जागेत 72 वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं सोल्डरिंग आयर्न 25-35 वॅटचं असतं!

म्हणून इंजिन बंद करून, हातातलं कडं काढून, आधी वायर चाचपावी. मधे कोमट आणि टोकाला चटका, तर सांधा खराब. सगळी लांबी सारखीच गरम, तर करंटच जास्त. मग इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन डायनामोच्या बी-प्लस बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, की एकेक सांधा धरत पिन पुढे सरकवायची. बोल्टवरून लगवर येताना आकडा उडी मारतो, तिथेच पान्हा आणि पॉलिश पेपर.

‘डायनामो जास्त चार्ज करतोय’ हे निदानही मीटर न लावताच होतं. आपल्या ट्रकांत 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. चालू गाडीत 28 च्या आसपास दिसलं, तर डायनामोला बोल लावू नये. 30 कडे सरकलं तर रेग्युलेटर बघा. रात्रभर टेप वाजवून उतरलेली किंवा एक सेल बसलेली बॅटरी भसाभस करंट ओढते, वायर तिच्यापायी तापते.

फ्यूज उडतो म्हणून मोठा टाकणं, किंवा त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं! फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. तो जळायचा थांबला, की वायर जळते.

आता मायनसकडे, कारण तिकडे कुणी बघतच नाही. ‘अर्थ काय, बॉडीलाच आहे.’ पण इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. ते चासीला जोडते एक विणलेली अर्थ पट्टी, जी पावसाळ्याच्या चिखलात गंजून तुटते. गेलेला करंट परत तर यायलाच हवा. मग तो ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, एखाद्या बारीक वायरीतून वाट काढतो, आणि केबल का गरम होतेय ते कुणालाच कळत नाही. डायनामोच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजा, 0.2 व्होल्टपेक्षा फार वर गेलं, तर पट्टी बदला, बोल्टखालचा रंग खरवडून.

एक जुनी परीक्षा मात्र बंद व्हायला हवी : चालू इंजिनात बॅटरीचा टर्मिनल काढून डायनामो ‘चेक’ करणं. खऱ्या डीसी डायनामोच्या काळात ती खपून जायची. आज आपण डायनामो म्हणतो तो अल्टरनेटर. बॅटरी अचानक सुटली, की क्षणभर व्होल्टेज उसळतं आणि डायोड जातात. सातपूरच्या जुन्या ‘मायको’ कारखान्यामुळे इंजेक्टर नाशिककरांना नवे नाहीत, पण 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत त्यांना हुकूम देणारा ईसीयू असतो, तोही त्या उसळीत जाऊ शकतो. टर्मिनल काढायचाच, तर इंजिन बंद करून : आधी मायनस, मग प्लस. लावताना मायनस शेवटी.