ल्युपसचे उपचार: डॉक्टर अनेक, आराखडा एक

ल्युपसच्या रुग्णाला संधिवाततज्ज्ञ मूत्रपिंडाच्या किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवतात, तेव्हा निदान पक्के नाही किंवा आजार हाताबाहेर गेला, असा अनेकांचा समज होतो. बहुतेक वेळा तसे नसते.

ल्युपस हा स्वयंप्रतिकार आजार (शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर हल्ला करते असा आजार) आहे. त्याचे सुमारे ९० टक्के रुग्ण स्त्रिया असतात. त्वचा, सांधे, रक्त, मूत्रपिंड, कुठेही त्याचा परिणाम होऊ शकतो. म्हणून त्याचे उपचार सांघिक असतात.

घर बांधताना गवंडी, वायरमन आणि प्लंबर वेगवेगळे असले तरी नकाशा एकच असतो. इथे तो नकाशा बहुधा संधिवाततज्ज्ञ सांभाळतात. मूत्रपिंडाला आलेली सूज सुरुवातीला अनेकदा जाणवत नाही. म्हणून बरे वाटत असतानाही लघवीतील प्रथिने तपासतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन हे मुख्य औषध दीर्घकाळ घेताना दृष्टिपटलाची (डोळ्याच्या आतल्या पडद्याची) तपासणी लागते. गर्भधारणेपूर्वी आजार किमान ६ महिने शांत असणे हिताचे असते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्लाही आधीच घेतात.

प्रत्येक भेटीला सगळे रिपोर्ट आणि औषधांची यादी सोबत न्यावी. बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नये.