केळव्यात बसून ऑफिसचं काम? बुकिंग वेबसाइटवर आधी ‘या’ गोष्टी दिसायला हव्यात!

शनिवार-रविवारी केळव्याच्या होमस्टेमध्ये मुंबईकरांची गर्दी असते. सोमवार उजाडला की खोल्या रिकाम्या. लॅपटॉपवर काम करत फिरणारे लोक नेमक्या याच दिवसांत इथे राहू शकतात. पण बुकिंग करताना त्यांना समुद्राचे फोटो दिसतात, कामाची माहिती मिळत नाही. मग अशा लोकांसाठीची वेबसाइट कशी असावी?

इंटरनेट : ‘फ्री वायफाय’ एवढंच लिहून भागत नाही. एचडी व्हिडिओ कॉलसाठी साधारण ३ ते ४ एमबीपीएस अपलोड स्पीड लागतो. म्हणून त्याच खोलीत केलेल्या स्पीड टेस्टचा आकडा तारखेसह द्यावा.

वीज : इन्व्हर्टर आहे का, एवढंच विचारू नये. राउटर त्यावर जोडलाय का, हेही विचारावं. नाहीतर पंखा सुरू आणि नेट बंद!

प्रवास : २०१३ पासून लोकल विरारपुढे डहाणू रोडपर्यंत धावते. पण केळवे रोड स्टेशनहून किनाऱ्यावर जायला रिक्षा किंवा एसटी लागते. त्यामुळे खोलीपासून स्टेशनचं अंतर आणि शेवटच्या लोकलची वेळ एकत्र दाखवावी.

दर : सोमवार ते शुक्रवारचा एकत्रित दर असावा. तारापूर एमआयडीसीत कामानिमित्त येणाऱ्यांसाठी बोईसरमध्ये लॉज आहेत, त्यांनाही यात जागा मिळावी.

खोली आवडली नाही तर पर्यटकाची सुट्टी वाया जाते. महत्त्वाचा कॉल तुटला तर गोष्ट नोकरीवर येते. म्हणूनच खरी माहिती देणाऱ्या मालकाची खोली बुधवारीही भरू शकते.